मार्कंड्याचं देऊळ आणि गोंड राजाचे खांब

चंद्रपूरहून मूलमार्गे चामोर्शीकडे निघालं की सुरुवातीचा बराचसा रस्ता जंगलातून जातो. चिचपल्लीच्या आसपास साग आणि बांबू इतके दाटतात की भर दुपारीही रस्त्यावर सावली असते. मूल जवळ आलं की जंगल मागे सरतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. मूलच्या राइस मिल ओलांडून पुढे हरणघाटच्या पुलावर आलो की खाली वैनगंगेचं रुंद पात्र दिसतं. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता, आणि त्याआधी कित्येक शतकं चांद्याच्या गोंड राजांचं राज्य नदीच्या दोन्ही काठांवर होतं. मार्कंड्याचं देऊळ बघायला निघालेल्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं, कारण त्या देवळाच्या गोष्टीत एक गोंड राजा आहे आणि माझ्या मते त्याचं काम देवळाइतकंच बघण्यासारखं आहे.

चामोर्शी तालुक्यात मार्कंडा नावाची दोन गावं आहेत. एक मार्कंडा कन्सोबा, दुसरं मार्कंडा देव. एसटीत बसताना ‘देवाचा मार्कंडा’ असं स्पष्ट सांगावं. चामोर्शीपासून हे गाव आठ-दहा किलोमीटरवर आहे. रस्ता शेताशेतांतून जातो. पावसाळा सरताना गेलात तर दोन्ही बाजूंना हिरवं धान आणि बांधांवर तुरीच्या ओळी. मधूनच एखाद्या चहाच्या टपरीवर बंगाली कानावर पडतं. पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबं या तालुक्यात वसवली गेली, त्यांची आता तिसरी-चौथी पिढी इथे धान पिकवते आहे. मग एकाएकी शेतं संपतात, थोडी घरं लागतात, हारफुलांची दुकानं लागतात, आणि समोर नदीच्या काठावर काळवंडलेल्या तांबूस दगडांची शिखरं उभी दिसतात.

ही जागा देवळांसाठी का निवडली ते नदीकडे पाहिलं की कळतं. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याजवळ उगम पावते, बालाघाट, भंडारा करत खाली येते आणि एकंदरीत दक्षिणेची वाट धरून चालते. मार्कंड्याला मात्र ती वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी म्हणजे काशीचं पुण्य, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. म्हणून मार्कंड्याला विदर्भाची काशी म्हणतात, दहावा-तेरावा करायला लोक इथे येतात, आणि अस्थी घेऊन आलेल्या माणसांच्या शेजारीच जावळ काढायला आलेलं कुटुंब घाटावर बसलेलं असतं.

देवळांभोवती एक आयताकृती आवार आहे. पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांतात फिरला, तेव्हा तो इथे आला होता. आवाराची लांबी १९६ फूट आणि रुंदी ११८ फूट अशी मापं त्याने नोंदवली आणि आत लहानमोठी वीसेक देवळं असल्याचं लिहून ठेवलं. हा अहवाल १८७९ साली छापला गेला. इथल्या मूर्तिकामाचं नातं त्याने खजुराहोशी जोडलं आणि शैलीवरून देवळांचा काळ दहावं-अकरावं शतक ठरवला. गावकरी सांगतात की मूळ चोवीस देवळं होती. ती कोणी बांधली याचंही उत्तर गावात तयार असतं: दानवांनी, एका रात्रीत.

इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर त्या शतकांत विदर्भाचा हा पूर्वभाग कोण्या एका घराण्याच्या मुठीत नव्हता. उत्तरेकडून कलचुरी, पूर्वेकडून बस्तरचे छिंदक नाग आणि माळव्याहून परमार, अशा तिघांच्या हालचाली या जंगलांच्या कडेने चालू होत्या. परमार जगद्देवाचा १११२ सालचा शिलालेख यवतमाळ जिल्ह्यात डोंगरगावला सापडला आहे, आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडच्या जैनदलाही त्याच घराण्याची खूण आहे. मध्य भारतातली नागर शैली इतक्या दक्षिणेला वैनगंगेच्या काठी इतकी सफाईने उभी कशी राहिली, याचं नवल या पार्श्वभूमीवर थोडं कमी होतं. राज्यांच्या सीमा बदलत होत्या तरी पाथरवटांच्या टोळ्या एका यजमानाकडून दुसऱ्याकडे जात होत्या, आणि त्यांच्या हातातली मापं त्यांच्याबरोबर फिरत होती.

‘विदर्भाचं खजुराहो’ ही पाटी मला फारशी आवडत नाही. तिच्यामुळे माणसं बाहेरच्या भिंतीवरची दोन-चार मैथुनशिल्पं शोधतात, फोटो काढतात आणि परततात. भिंत वाचायची असेल तर खालून सुरुवात करावी. जोत्याचे थर आधी डोळ्यांखालून घालावेत. एकावर एक सरकत गेलेल्या आडव्या पट्ट्या आहेत, कुठे गोलसर, कुठे धारदार, आणि प्रत्येकीची सावली वेगळी पडते. त्यावर भिंतीचा मधला भाग, म्हणजे जंघा. मुख्य मार्कंडेश्वराच्या देवळात तिथे मूर्तींच्या रांगा एकावर एक चढत जातात. भिंत सरळ नाही. ती ठरावीक अंतराने बाहेर येते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर देव किंवा सुरसुंदरी, आणि आत गेलेल्या खोबणीत मागच्या पायांवर उभा राहिलेला व्याल किंवा हत्ती. कनिंगहॅमने या एका देवळावर ४०९ मूर्ती मोजल्या, आणि सिंह-हत्ती त्यात धरलेले नाहीत.

मी सकाळच्या उन्हात एका कोपऱ्यापाशी बराच वेळ थांबलो होतो. तिरक्या उन्हात मूर्तीच्या कमरेवरची मेखला सुटी झाल्यासारखी दिसत होती. प्रत्येक लड दगडातून पोखरून काढलेली, मागून बोटाचं टोक जाईल एवढी पोकळी. तिचा चेहरा झिजला आहे, नाक गेलं आहे, पण उजव्या पायाची टाच अजून इतकी घडीव आहे की शरीराचा भार कोणत्या पायावर आहे ते कळतं. हात पोचेल एवढ्या उंचीवरच्या मूर्ती तेलाने आणि कुंकवाने काळ्या-लाल झालेल्या. त्याच्या वरची रांग कोरडी, दगडाच्या मूळ रंगाची. माणसाचा हात जिथवर पोचतो तिथवर पूजा झाली, आणि तिथून वर पाऊस आणि वारा.

हा दगड वालुकाश्म आहे. तो कोरायला सोपा, म्हणून एवढं बारीक काम निघालं. पण पाणी पितो, थरांनी सुटतो, आणि नदीकाठच्या हवेत भुसभुशीत होतो. कोरीव कामाचं सौंदर्य आणि देवळाचं दुखणं दोन्ही या एकाच गुणातून आलं आहे. वेरूळ कोरलं गेलं त्या बेसाल्टपुढे हा दगड नाजूकच म्हणायचा.

मुख्य देवळाखेरीज आवारात मृकंड ऋषींचं देऊळ आहे, यमधर्माचं आहे, दशावतारांच्या मूर्तींची खांबांनी विभागलेली लांब ओवरी आहे. बाकीची लहान देवळं. काहींत पिंड आहे, काही रिकामी. मृकंड म्हणजे मार्कंडेयाचा बाप. शंकराच्या आवारात बापाला, मुलाला आणि मुलाचा प्राण न्यायला आलेल्या यमाला शेजारी शेजारी घर मिळालं आहे. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मुलगा, वेळ भरल्यावर यमाने टाकलेला पाश, पिंडीला घातलेली मिठी आणि पिंडीतून निघालेला शिव. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, दशावतार लेण्यात, हाच प्रसंग भिंतीवर आहे. तमिळनाडूत तिरुक्कडैयूरलाही ही घटना आमच्याकडेच घडली असं मानतात, आणि तिथे साठी-ऐंशीचे सोहळे करायला जोडपी रांगा लावतात. चामोर्शीचा माणूस अर्थात हे मान्य करणार नाही. माझ्या शेजारी घाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी यमाच्या देवळाकडे हात करून सांगितलं, “त्यालेबी पानी घालून याचं बापू, रागावते तो.” ज्याला शिवाने हरवलं त्याचीही मर्जी राखायची, हा गावचा व्यवहार.

या ठिकाणी मला फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रेतान्य प्रांतातली खेड्यांची चर्च आठवतात. तिथेही खेड्याच्या मानाने अवाढव्य दगडी काम आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात लिननच्या कापडाच्या धंद्यावर त्या गावांकडे पैसा आला आणि गावागावात चढाओढ लागली. भिंतीने वेढलेलं आवार, त्यात चर्च, दफनभूमी, हाडं ठेवण्याची दगडी खोली आणि मधोमध ख्रिस्ताच्या सुळाचं शिल्प, अशी त्यांची ठेवण असते. गिमिल्यो गावातल्या अशा शिल्पावर दोनशेच्या वर मूर्ती आहेत आणि त्यावर १५८१ आणि १५८८ ही सालं कोरलेली आहेत. प्लुगास्तेलचं शिल्प १५९८ च्या प्लेगनंतर, १६०२ ते १६०४ मध्ये उभारलं गेलं. त्या मुलखात मृत्यूचा एक दूत आहे, अंकू नावाचा. तो सापळ्याच्या रूपात चर्चमध्ये आणि हाडांच्या खोल्यांवर कोरलेला असतो. आपला यम आणि त्यांचा अंकू यांच्यात फरक मोठा आहे: अंकूपासून सुटका नाही, तो फक्त आठवण देतो, यम मात्र मार्कंड्याला येऊन हरला आणि तरीही इथेच राहिला. तुलना तेवढ्यापुरतीच. पण आपल्या गावच्या देवाच्या दारातच मरणालाही जागा द्यावी, हे समुद्रकाठच्या त्या शेतकऱ्यांना आणि वैनगंगेच्या काठच्या शेतकऱ्यांना एकमेकांना न भेटता सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता त्या गोंड राजाकडे येतो.

कधीकाळी, कनिंगहॅमच्या येण्याच्या पुष्कळ आधी, मुख्य देवळाच्या शिखरावर वीज पडली. नदीकाठच्या सपाट मुलखात इतकं उंच दुसरं काहीच नव्हतं. शिखराचा वरचा भाग कोसळला आणि तो नेमका पुढच्या महामंडपाच्या छतावर आला. छत फुटून दगड आत गेले.

असं का झालं ते समजायला ही देवळं उभी कशी राहतात ते पाहावं लागतं. यात कमान नाही. गाभाऱ्यावरचं शिखर म्हणजे दगडाच्या थरांची उतरंड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवलेला, आणि सगळ्यांचा भार सरळ खाली. मंडपाचं छतही तसंच: चार खांबांवर तुळया, तुळयांच्या चौकोनावर तिरपे दगड टाकून अष्टकोन, त्यावर आत आत येणारी वर्तुळं, शेवटी एका दगडाने झाकलेलं तोंड. वजन जोवर सरळ खाली जातं तोवर अशी रचना हजार वर्षं टिकते. पण तुळईचा दगड वाकत नाही. वरून एकदम धक्का बसला की तो मधोमध तडकतो, आणि एक तुळई गेली की तिच्यावरचं सगळं वर्तुळ खाली येतं. विजेने शिखर पाडलं, आणि शिखराने मंडप.

पुढे एका गोंड राजाने डागडुजी करवली. त्याच्या गवंड्यांनी मूळ कारागिरीची नक्कल केली नाही, करण्याचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी मंडपाच्या आत जाडजूड साधे खांब उभे केले आणि त्यांवर कमानी टाकून फुटलेल्या छताला खालून टेकू दिला. कमान हे त्यांच्या हातातलं तंत्र होतं. चांदा शहराचा कोट आणि त्याच्या जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर या वेशी ज्यांनी बांधल्या त्या परंपरेतले हे लोक. त्यांना भार तोलायचा म्हणजे काय ते ठाऊक होतं आणि कोरीव कामासाठी लागणारा वेळ, पैसा आणि हात त्यांच्याकडे नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पाहणाऱ्यांना हे खांब ओबडधोबड वाटले, आणि आजही पुष्कळ जण तसंच म्हणतात.

मला ते ओबडधोबड वाटत नाहीत. कोरीव खांबाच्या अंगाला लागून तो गुळगुळीतही न केलेला खांब उभा आहे, वरच्या नक्षीदार तुळईचा अर्धा भाग त्याच्या आड गेला आहे, आणि त्या अर्ध्या राहिलेल्या भागातली फुलं अजून शाबूत आहेत. ती शाबूत राहिली ती त्या साध्या खांबामुळे. हे देऊळ बांधणाऱ्या राजाला कीर्ती हवी होती. सावरणाऱ्याला एवढंच हवं होतं की पिंडीवर छप्पर राहावं आणि शिवरात्रीला आलेल्या माणसांच्या डोक्यात दगड पडू नये. अंचलेश्वराची उपासना करणारं हे घराणं, राज्य जंगलाचं, उत्पन्न बेताचं. आपल्या पूर्वजांनी न बांधलेलं देऊळ त्यांनी आपलं मानून उभं ठेवलं. १७५१ मध्ये रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं आणि ते राज्य संपलं. टेकू मात्र कामाला आलेच.

म्हणूनच आजच्या जतनाच्या कामाबद्दल काळजी वाटते. देवळं केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. मुख्य देवळाच्या दुरुस्तीसाठी शिखराचे दगड उतरवले गेले, आणि मग काम कित्येक वर्षं रेंगाळलं. गावकऱ्यांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. आवारात मांडून ठेवलेल्या, रंगाने आकडे घातलेल्या दगडांमधून मी फिरलो आहे. आकडे घालणं ही शास्त्रशुद्ध पद्धतच आहे. प्रत्येक दगड आपल्या जागी परत जावा यासाठी दुसरा उपाय नाही. पण वालुकाश्म जमिनीवर उघड्यावर पडून राहिला की ओल खालून चढते, आणि रंग पावसाळ्यांत पुसट होतो. एकदा उतरवलेलं शिखर लवकरात लवकर चढवणं हेच त्याचं जतन. आणि हे करताना कोणाच्या मनात मूळ रूप परत आणायचं म्हणून गोंडकालीन खांब-कमानी काढण्याचा विचार येत असेल, तर तो सोडून द्यावा असं मी आग्रहाने म्हणेन. अभियांत्रिकीच्या दृष्टीने टेकू काढणं धोक्याचं आहेच, पण ते सोडलं तरी या देवळाचं वय अकराव्या शतकात थांबलेलं नाही. वीज, पडझड आणि डागडुजी हीसुद्धा त्याची वास्तू आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड माणसाला या कोरीव देवळात आपल्या राजाच्या हाताची खूण दाखवायची असेल, तर ती याच खांबांवर बोट ठेवून दाखवता येते.

महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते आणि पुढे कित्येक दिवस चालते. पूर्वी लोक बंड्या जुंपून, धान्य आणि सरपण बरोबर घेऊन येत आणि वाळवंटात मुक्काम करत. आता एसटीच्या जादा गाड्या लागतात, ट्रॅक्टर येतात, पण नदीच्या वाळूत तीन दगडांची चूल मांडून भात शिजवणारी कुटुंबं अजूनही भरपूर दिसतात. विदर्भाबरोबर छत्तीसगड आणि तेलंगणातूनही माणसं येतात. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांमध्ये, पद्मशाली समाजात, मार्कंडेय हे कुळाचे मूळपुरुष मानले जातात. सोलापुरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो याच समाजाचा. वैनगंगेकाठचा हा ऋषी त्यांच्यासाठी पुराणातली व्यक्ती नाही, घरातला वडीलधारा आहे.

यात्रेच्या दिवसांत शिल्पं नीट बघता येत नाहीत. गर्दीत पुढे सरकत राहावं लागतं. नुसतं देऊळ बघायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीतला एखादा साधा दिवस निवडावा, सोमवार टाळावा, आणि सकाळी उजाडताच पोचावं. जंघेवरच्या वरच्या रांगा डोळ्यांना जेमतेम लागतात. जवळ दुर्बीण असेल तर ती आणावी. दुपारी ऊन डोक्यावर आलं की मूर्ती सपाट दिसू लागतात, तेव्हा घाटावर जाऊन बसावं किंवा मंडपात जाऊन ते खांब बघावेत. राहण्याची बरी सोय गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला होते. गडचिरोली इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. जेवण चामोर्शीत करावं. हाताशी अजून एक दिवस असेल तर चामोर्शीहून आष्टीच्या रस्त्याने चपराळ्याला जाता येतं. तिथे अभयारण्याच्या कडेला वैनगंगेला वर्धा येऊन मिळते आणि पुढे नदी प्राणहिता नावाने वाहू लागते. मात्र हा रस्ता खनिजाच्या जड गाड्यांचा आहे, म्हणून अंधाराच्या आत परत फिरावं.